गाळलेला आवाज

सोमवारी सकाळी आठ वाजता गुरु कोनापुरे याला स्वरयंत्र काढण्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. थोड्या वेळानं त्याची बायको सिद्धेश्वरी हिनं बाहेरच्या बाकावर बसून, त्यानं तिच्यासाठी केलेल्या व्हिडिओंपैकी पहिला लावला. कानात इअरफोन होते. पडद्यावर बाण फिरत होता, चौकटी रंगत होत्या, कोपऱ्यातल्या लहानशा गोलात गुरुचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

तिनं आवाज वाढवला. इअरफोनची पिन काढून पुन्हा खुपसली. शेजारी बसलेल्या बाईच्या फोनला तोच इअरफोन लावून पाहिला, त्यात भजन स्वच्छ ऐकू आलं. मग तिनं दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. आठही भागांत तेच. मध्येच कुठे अर्ध्या अक्षराएवढा तुकडा यायचा आणि पुन्हा काही नाही.

आत नेलेल्या माणसाचा आवाज त्या घटकेला शाबूत होता की गेला होता, हे सांगायला बाहेर कोणी नव्हतं.

गुरु अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझायनर होता. गिऱ्हाइकानं पाठवलेलं चिन्ह किंवा वेलबुट्टी संगणकावरच्या ग्राफमध्ये चौकट-चौकट करून बसवायची, कुठला धागा कधी वर उचलायचा ते ठरवायचं आणि ती फाइल पेनड्राइव्हवरून मागाला द्यायची, हे त्याचं काम. कारखान्यात असा माणूस तो एकटाच. होटगीहून मोटारसायकलवर यायचा, मागांच्या शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचा. आवाज बसून वर्ष होत आलं होतं. मागांच्या खडखडाटात ओरडून कारखान्यातल्या निम्म्या लोकांचा घसा तसाच असतो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. घशातल्या गाठीत कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी थांबायला वेळ नसल्याचं सांगितलं.

मालक रुद्रप्पा यांनी वाईटपणा घेतला नाही. उपचार संपेपर्यंत गुरुची खुर्ची सिद्धेश्वरीनं सांभाळावी, हे त्यांनीच सुचवलं. ती त्यांच्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायच्या खात्यात होती, एमएससीआयटी झालेली होती आणि गेले काही महिने दुपारच्या सुट्टीत नवऱ्याशेजारी बसून थोडंफार शिकली होती. अट एकच होती. हैदराबादच्या एका हॉटेलानं टॉवेलवर आपलं चिन्ह मागवलं होतं. त्याचा नमुना तिच्या हातून पास व्हायला हवा. नाही झाला, तर इचलकरंजीचा एक डिझायनर यायला तयार होता. तो आला की पाहुणा म्हणून येणार नव्हता. केबिनमध्ये खुर्ची एकच आहे, हे रुद्रप्पांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. ते ऐकून गुरुनं मान हलवली आणि संगणकावरचं सगळं बोलून ठेवतो म्हणाला. ऑपरेशननंतर बोलता येणार नाही, हे तोवर त्याला कळलं होतं.

व्हिडिओ कसे करायचे ते त्याच्या धाकट्या बहिणीला, शिवानीला माहीत होतं. ती शहरातल्या एका खासगी क्लासमध्ये संगणक शिकवते आणि मुलांसाठी पडद्याचं रेकॉर्डिंग करून व्हिडिओ टाकते. डिझाईनचं सॉफ्टवेअर मात्र कारखान्यातच चालायचं. त्याची कुलपासारखी एक पिन संगणकाच्या मागे लावलेली होती आणि ती कारखान्याबाहेर न्यायची नाही, असा मालकांचा नियम होता. म्हणजे रेकॉर्डिंग केबिनमध्येच करणं भाग होतं. ऑपरेशनची तारीख अलीकडे आली आणि कारखान्याची सुट्टी तारखेच्या पलीकडे राहिली. रुद्रप्पांनी माग तासभर बंद ठेवायची तयारी दाखवली. गुरुनं ती नाकारली. मजुरी नगावर मिळते. तासभर माग थांबला तर तेवढे टॉवेल कमी, आणि आपल्यासाठी चाळीस जणांनी का गमवायचं, असं त्याचं म्हणणं पडलं.

पहिली चाचणी घेतली तेव्हा नुसता खडखडाट आला. गुरुचा आवाज त्याच्या खाली कुठेतरी होता, पण शब्द लागत नव्हते. शिवानीनं ती फाइल पुसून टाकली आणि आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळून टाकायची सोय चालू केली. हेडफोन लावून ती स्वतः माइकसमोर दोन वाक्यं बोलली. तिचा आवाज असा आला, जणू कारखाना शेजारी नव्हताच. तिनं अंगठा वर केला. मग गुरु बसला.

दोन दिवस तो थांबत थांबत बोलला. आवाजाची हिरवी पट्टी त्याच्या प्रत्येक शब्दाला वर-खाली होत होती, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं शिवानीला वाटलं. कोपऱ्यात चेहरा हवा, हा आग्रहही तिचाच. शिकवणारा दिसला की शिकणारा टिकतो, हा तिचा क्लासमधला अनुभव. गुरुला ते आवडलं नव्हतं. गळा झाकायला त्यानं मफलर गुंडाळला होता.

खरी दमछाक व्हिडिओ पोचवताना झाली. व्हॉट्सअॅपवर पाठवले तर चौकटी एकमेकींत मिसळून गेल्या. ग्राफवरची एक चौकट म्हणजे एक धागा, ती दिसत नसेल तर व्हिडिओ बिनकामाचा. आहे तशी फाइल पाठवायला घेतली तर एमआयडीसीतलं नेट अर्ध्यावर तुटायचं. ड्राइव्हवर चढवून लिंक दिली, तर सिद्धेश्वरीच्या फोनवर आधी परवानगी मागा असं येऊ लागलं. परवानगी दिली, तेव्हा संगणकाची डिस्क भरली म्हणून उरलेले भाग चढेनात. शिवानीनं डिस्कवरचा कचरा रिकामा केला. रविवारी शेवटी आठही फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि फोनसाठी त्यांची एक हलकी नक्कल केली. या सगळ्यात जो तो दुसऱ्याला एकच विचारत होता: दिसतंय का? ऐकू येतंय का, हे कोणी विचारलं नाही. मागांशेजारी काम करणारा माणूस फोनकडे बघतो, ऐकायला बसत नाही. वॉर्डात सिद्धेश्वरीनं व्हिडिओ लावून पाहिले तेही आवाज बंद करून, कारण बाजूच्या खाटेवरचा पेशंट झोपला होता.

सोमवारी तिनं शिवानीला बाकाजवळ बोलावून एक इअरफोन तिच्या कानात घातला. शिवानी बराच वेळ ऐकत राहिली.

"माझा आवाज आलेला की वैनी," ती म्हणाली. "मी स्वतः बोलून बघितलं होतं."

"तुझा आला असंल."

दुपारी शिवानी कारखान्यात जाऊन आली. गोंगाट गाळायच्या सोयीला माणसाचा आवाज म्हणून जो ओळखीचा असतो, तो खणखणीत असतो. गुरुचा वर्षभर बसलेला, श्वासासारखा घरघरणारा आवाज त्या सोयीनं ओळखलाच नाही. मागांबरोबर गुरुलाही गाळून टाकलं. मूळ आवाज वेगळा साठवायचा पर्याय त्या सॉफ्टवेअरमध्ये होता, पण तो चालू केलेला नव्हता. गाळणी न लावता घेतलेली पहिली चाचणी पुसलेली होती, आणि ज्या कचऱ्यातून ती परत काढता आली असती तो तिनंच रिकामा केला होता. तिनं हे सगळं सिद्धेश्वरीला क्रमानं सांगितलं. स्वतःची बाजू मांडली नाही.

ऑपरेशन डॉक्टरांच्या मते ठीक झालं. तिसऱ्या दिवशी गुरु उशीला टेकून बसला. नाकात नळी, गळ्यात भोक आणि हातात दवाखान्यानं दिलेली पांढरी पाटी. सिद्धेश्वरी आत आल्याबरोबर त्यानं लिहिलं: ऐकलंस?

तिनं मान डोलावली.

त्यानं पुसलं आणि पुन्हा लिहिलं: चार नंबर नीट ऐक.

तिनं पुन्हा मान डोलावली.

चार नंबर म्हणजे चार नंबरचा माग. हॉटेलला हवा तेवढा मोठा टॉवेल त्याच मागावर निघत होता, आणि त्याच मागाच्या वरच्या यंत्रातले काही हुक निकामी झाले होते. हुक उचलला नाही की त्याचा धागा खालीच राहतो आणि चिन्हात रेघ पडते. नवे भाग मिळत नव्हते. गुरु डिझाईन असं सरकवून बसवायचा की मेलेले हुक नेमके साध्या विणीच्या जागी येतील. कुठले हुक आणि किती सरकवायचं, हे त्याच्या डोक्यात होतं. सहाव्या व्हिडिओत तो चिन्ह सरकवताना दिसत होता. पण तो नमुना दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचा होता. तेवढंच का सरकवलं, हे तोंडानं सांगितलेलं होतं.

बाहेर आल्यावर शिवानीनं सरळ सुचवलं. "अण्णाला विचार ना वैनी. पाटीवर लिहून देईल."

"आणि काय सांगू? होता तो आवाज गेला, आणि ठेवलेला पण गेला, असं?"

"मी सांगते. चूक माझी हाय."

"आत्ता नको," सिद्धेश्वरी म्हणाली. "मी ऐकलं असं सांगून बसले."

आणखी दोन दिवस जाऊ देऊ, मग विचारू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी गुरुला ताप आला. गळ्याच्या टाक्यांतून पाणी येऊ लागलं. संध्याकाळी त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. तिथं भेट पाच मिनिटांची होती आणि पाटी आत नेऊ देत नव्हते.

सिद्धेश्वरी कारखान्यात येऊन केबिनमध्ये बसली. हॉटेलचं चिन्ह तिनं ग्राफवर काढलं, ते तिला जमत होतं. विणीचे रंग, म्हणजे कुठल्या भागाला कुठली वीण ते दाखवणारे रंग, लावताना अडली. काचेतून तिनं पलीकडच्या मागावरच्या जुन्या कारागिराला, चनबसप्पांना, माग थांबवलाय का, असं विचारलं, आणि त्यांनी तिकडून, धागा तुटला, असं सांगितलं. दोघांमध्ये बारा माग चालू होते. एकाही शब्दाचा आवाज इकडून तिकडे गेला नव्हता. मागावरची माणसं अशीच बोलतात, ओठांवर. तिलाही मोडकंतोडकं येत होतं, पण चनबसप्पांची उमर त्यातच गेलेली. एका कानानं त्यांना माग बंद असतानाही कमी ऐकू येतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं त्यांना आत बोलावलं आणि पेनड्राइव्हवरची मूळ फाइल लावली. फोनवरच्या नकलेत चेहरा फुटून जात होता. मूळ फाइलमध्ये कोपरा ताणून मोठा करता आला. चनबसप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"आणखी मोठा कर की. बटाट्याएवढा दिसतोय."

"एवढाच होतोय काका."

"बरं. लाव."

पहिला भाग त्यांनी तीनदा बघितला. मग गुरुच्या मागोमाग बोलायला लागले, थांबत, एखादा शब्द सोडत. संगणकाचे इंग्रजी शब्द त्यांना लागत नव्हते, ते सिद्धेश्वरी पडद्यावरून भरत होती. ती लिहून घेत होती. रोज जेवणाच्या सुट्टीत एक-दोन भाग, असं चाललं.

"लई बोलतोय तुझा नवरा," तिसऱ्या भागाला चनबसप्पा म्हणाले. "वीस वर्सांत माझ्याशी एवढा बोलला न्हाय. हितं कानडीत शिरला बघ."

"काय म्हणतात?"

"तुला म्हणतोय. सारकं वाकून बसू नको, पाठ दुखंल, मदी उठून फिरून ये."

सिद्धेश्वरीनं पेन खाली ठेवलं.

"लिहिलंस का?"

"ते लिहायचं नाही काका."

"मग कशाला इचारलंस," असं म्हणून त्यांनी पुढचं लावायला सांगितलं.

पाच भाग असे निघाले. पूर्ण नाही, पण विणीचे रंग लावता येतील इतके. सहावा भाग लावला तेव्हा शिवानीही केबिनमध्ये होती. सुरुवातीला गुरु समोर बघून बोलला. चार नंबरचं नाव घेतलं, ते सिद्धेश्वरीलाही वाचता आलं. मग त्यानं हात वर करून काचेपलीकडच्या मागाकडे बोट दाखवलं आणि बोटाबरोबर मान वळवली. त्यानंतर पडद्यावर होता त्याचा कान, मफलरची घडी आणि डोक्याचा मागचा भाग. जबडा हलत होता. चिन्ह सरकलं. तो पुन्हा समोर वळला तेव्हा बोलणं फाइल साठवण्यावर आलं होतं.

चनबसप्पांनी परत लावायला सांगितलं. परत बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

"मानेला ओठ नसत्यात सिद्धव्वा," ते म्हणाले.

शिवानी उठून बाहेर गेली. तिनं त्या दिवशी संगणकाची डिस्क काढून शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेण्याची परवानगी मागितली, पुसलेलं काही निघतं का पाहायला. रुद्रप्पांनी नाही म्हटलं. कारखान्याची सगळी डिझाईनं त्याच डिस्कवर होती आणि बाहेर गेलेली डिझाईनं महिन्याभरात शेजारच्या कारखान्यात विणलेली त्यांनी पाहिली होती. त्या पुसलेल्या चाचणीत चार नंबरबद्दल एक अक्षरही नव्हतं, हे शिवानीला ठाऊक होतं. तरी तिनं मागितली.

हुक शोधायचा दुसरा मार्ग सिद्धेश्वरीनं काढला. तिनं ग्राफवरच्या सगळ्याच चौकटी भरल्या, म्हणजे प्रत्येक हुकाला उचलायचा हुकूम गेला. चार नंबरवर ती फाइल लावली की जो धागा उठणार नाही त्याचा हुक मेलेला. त्यासाठी मागाचा वेळ आणि सूत दोन्ही फुकट जाणार होते. रुद्रप्पांनी घड्याळाकडे बघितलं आणि एकदाच म्हणून परवानगी दिली.

चनबसप्पांनी माग चालवला. ती वाकून खाली राहिलेले धागे मोजत गेली आणि खडूनं खुणा केल्या. त्यावरून चिन्ह सरकवून पहिला नमुना विणला. चिन्हातल्या एका अक्षराच्या पोटातून बारीक रेघ गेली होती. तो धागा खडूच्या खुणांत नव्हता. चनबसप्पांनी वर बघत यंत्राला शिवी दिली आणि सांगितलं की काही हुक माग थंड असताना उचलतात, तापला की उचलत नाहीत. ते कुठले, हे त्यांना माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्यानं ते मान वळवून सांगितलं होतं.

तिनं आणखी सरकवलं. माग तापू दिला. दुसरा नमुना स्वच्छ आला. खात्रीसाठी तिसरा विणून बघावा, असं तिच्या मनात होतं, पण रुद्रप्पांनी चार नंबर दुसऱ्या कामाला लावला. दुसरा नमुना त्यांनी कुरिअरनं हैदराबादला पाठवला. मागच नीट नाही तर पुढचे हजार नग असेच स्वच्छ येतील का, असं त्यांनी तिला विचारलं. तिनं ठाऊक नसल्याचं सांगितलं.

गुरुचा ताप उतरल्यावर त्याला परत वॉर्डात आणलं. पाटी परत मिळाली. भेटीच्या वेळेला त्यानं लिहिलं: मला ऐकव.

सिद्धेश्वरीनं चार्जिंग संपल्याचं सांगितलं. शेजारच्या खाटेच्या पेशंटची बायको तिथंच होती, ती स्वतःचा चार्जर घेऊन आली. नकार द्यायला काही उरलं नाही. सिद्धेश्वरीनं फोन चार्जिंगला लावला, इअरफोन त्याच्या कानांत घातले आणि पहिला भाग सुरू करून बाजूला उभी राहिली. शिवानी खाटेच्या पायथ्याशी होती. गुरुनं फोन छातीजवळ धरून आपलाच चेहरा बोलताना बघितला. मध्ये त्यानं आवाजाचं बटण दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं नाही. भाग संपेपर्यंत फोन तसाच धरून ठेवला, मग इअरफोन काढून वायर गुंडाळली आणि तिच्या हातात दिली.

"अण्णा, माझ्यामुळं झालं," शिवानी म्हणाली.

त्यानं पाटी घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तेवढ्यात नर्स ड्रेसिंगला आली आणि दोघींना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला पुन्हा ताप आहे. टाक्यांतलं पाणी थांबलेलं नाही, आणि दुसरं ऑपरेशन लागेल का, याचा निर्णय डॉक्टर तपासण्या बघून घेणार आहेत. चार नंबरच्या मागाबद्दल त्याला अजून कोणी विचारलेलं नाही. सिद्धेश्वरी रोज दवाखान्यातून कारखान्यात जाते आणि केबिनमध्ये बसते. नमुना हैदराबादला पोचल्याची पावती रुद्रप्पांच्या फोनवर आली आहे. पसंत करणारा अधिकारी रजेवर असल्याचं हॉटेलकडून कळवलं. इचलकरंजीच्या डिझायनरनं शुक्रवारी दोनदा फोन करून एक तारखेपासून यायचं का, असं विचारलं. रुद्रप्पांनी त्याला हो म्हटलेलं नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही.